डांगरीला झडप

डांगरी हा कपडा ज्या कुणी पहिल्यांदा शिवला तो पुरुष होता, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकच जाड निळं कापड, पुढे बटणांची रांग, झालं. पुरुषमाणसाचं काम मधल्या एकदोन बटणांत भागतं. बाईमाणसाला संडासात जायचं तर गळ्यापासून सुरुवात करून सगळी बटणं काढायची, दोन्ही हात बाह्यांतून सोडवायचे, तो सगळा डोलारा गुडघ्यांपर्यंत उतरवायचा आणि बाह्या ओल्या फरशीवर लोळू नयेत म्हणून त्या दातांत धरून बसायचं. ज्या पदासाठी मी जिवाचा आटापिटा केला, त्याची सगळी प्रतिष्ठा मी रोज अशी दातांत धरून बसत असे.

पद म्हणजे ब्रेक विभागाच्या हेड मेकॅनिकचं. आमचं वर्कशॉप बसगाड्या दुरुस्त करणारं. तिथे बायका पुष्कळ, पण सगळ्या सीट विभागात, रेक्झीनची कव्हरं शिवायला. मीही तिथलीच. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या ब्रेक विभागात डोकावायचं, कुणाची बॅटरी धरायची, कुणाला पाना द्यायचा, असं करत करत मी ते काम शिकले. कशी शिकले आणि किती बोलणी खाल्ली हे सांगत बसले तर डांगरी बाजूलाच राहील. मुद्दा असा की खात्याची परीक्षा मी पास झाले आणि साहेबांना मला हेड मेकॅनिक करावंच लागलं. पण केलं ते ‘चाचणीपुरतं’. चाचणीच्या शेवटी सुरक्षा अधिकारी येणार, माझ्या देखरेखीखाली तयार झालेली गाडी तपासणार आणि हो की नाही ते लिहिणार. हो लिहिलं तर पद कायम. नाही लिहिलं तर मी परत शिवणयंत्रावर.

मी एकटीच परत गेले असते तर एक वेळ चाललं असतं. पण माझ्यामागोमाग सीट विभागातल्या दोन पोरींनी मेकॅनिकच्या शिक्षणासाठी अर्ज केले होते. साहेबांनी ते टेबलाच्या कोपऱ्यात ठेवून वर काचेचा गोळा ठेवला होता. “आधी तुमचं काय होतं ते बघू,” एवढंच म्हणाले. म्हणजे मी पडले तर दोघींना घेऊन पडणार होते.

आता डांगरी. नियम असा की ती अंगात असल्याशिवाय खड्ड्यात उतरायचं नाही. खड्डा म्हणजे जमिनीत बांधून काढलेला लांब चर. गाडी वर उभी करायची आणि माणसाने खाली उतरून तिचं पोट तपासायचं. मी भांडारात डांगरी मागायला गेले. भांडारवाले काका सज्जन. त्यांच्या यादीत लहान, मध्यम आणि मोठं अशी सगळी मापं होती. कपाटात फक्त मोठं होतं. मी ती घालून बाहेर आले तेव्हा काकांनी आदराने नजर खाली वळवली. माझ्या हातांच्या जागी दोन रिकाम्या बाह्या लोंबत होत्या आणि पायांच्या जागी कापडाचे दोन ढीग. काका म्हणाले, ताई, धुतल्यावर आटेल. धुतली. आटली नाही. मात्र तिचा निळा रंग सासूबाईंच्या पांढऱ्या चादरीला लागला आणि प्रश्न खात्यातून थेट घरात आला.

मी रीतसर अर्ज केला. साहेबांकडून विचारणा आली, लहान मापाची मागणी यापूर्वी कुणी केली होती काय? मी लिहिलं, नाही, कारण यापूर्वी इथे बाई नव्हती. त्यावर शेरा आला की ज्या अर्थी मागणी कुणी केली नाही, त्या अर्थी गरज नाही. असा बिनतोड युक्तिवाद वाचला की माणूस कपाळाला हात लावतो, पण माझे हात बाह्यांत हरवलेले असल्यामुळे तेही वेळेवर जमलं नाही.

विभागात सगळ्यात बुटका मेकॅनिक होता, त्याला सगळे पावशेर म्हणत. तो माझ्याहूनही लहानखुरा. तू काय करतोस रे, असं मी त्याला हळूच विचारलं. त्याने डांगरीचा पाय वर करून दाखवला. आतल्या बाजूने दुमडून सुतळीने बांधलेला होता. तू कधी मागितली नाहीस लहान, म्हटल्यावर तो म्हणाला, “मागितली असती तर पावशेरचा छटाक झाला असता, ताई.”

माझीही गत तीच, फक्त अधिक बिकट. डांगरी मोठी होते असं मी म्हणायचा अवकाश, ऐकणाऱ्यांना पद मोठं होतंय असंच ऐकू गेलं असतं. ऐकणाऱ्यांत मुख्य उस्ताद. ब्रेक विभागातला सगळ्यात जुना माणूस, हे पद आपलंच असं धरून चाललेला. वाईट नव्हता. मला वाटेल ते बोलत नसे, पण माझ्याकडे पाहायचा तो असा, जणू मी शिडीवर चढलेय आणि शिडी कधी घसरते याची त्याला फार घाई नाही, पण खात्री आहे.

तेव्हा मी मूग गिळून बाह्या दुमडल्या आणि दिवसभर पाणी पिणं बंद केलं. न रहेगा पाणी, न उतरेगी डांगरी, असा साधा हिशेब. संध्याकाळी डोकं ठणकायचं आणि मी घरच्यांवर खेकसायची. आमचे हे वाचनालयात नोकरीला आहेत. आवाज न करता जगायची त्यांना सवय आहे. त्यांनी चारदोन दिवस माझा आवाज सहन केला आणि मग एका सुट्टीच्या सकाळी कात्री घेऊन उभे राहिले. म्हणाले, पाय मी कापून देतो, त्यात काय एवढं. मला डांगरी घालून उभं केलं आणि खडूने खूण करू लागले. तेवढ्यात सासूबाईंनी माळ्यावरचा डबा काढून मागितला, मी एका पायावर उंच झाले आणि ह्यांनी नेमकी त्याच क्षणी दुसऱ्या पायाची खूण केली. कापून झाल्यावर एक पाय घोट्याशी आला, दुसरा पोटरीच्या मध्यावर. ह्यांनी चष्मा पुसून दोन्हीकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले की लांबून कळत नाही.

हे वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांच्या कानावर गेलं. मास्तरांना आमच्या घरातलं काहीही कानावर जाण्यासाठी फक्त जिना उतरावा लागतो. त्यांनी तोडगा काढला, इलॅस्टिक. दोन्ही पायांना आणि बाह्यांना इलॅस्टिक घाला, लांबीचा प्रश्नच मिटला. मिटला खरा. दुसऱ्या दिवशी मी खड्ड्याच्या काठावर उभी राहिले, वारा आत शिरला आणि माझे चारही अवयव टम्म फुगले. उस्तादने हातातलं काम खाली ठेवलं, शांतपणे पाहिलं आणि मला विचारलं की उड्डाण किती वाजताचं आहे. पावशेर खोकला आल्याचं निमित्त करून गाडीमागे गेला.

तोवर संडासाचा मूळ प्रश्न तसाच. त्याचं उत्तर सापडलं सासूबाईंना. चादरीचा राग अजून गेला नव्हता. त्या माझ्याशी थेट न बोलता भिंतीकडे तोंड करून बोलत होत्या. भिंतीला म्हणाल्या, “तान्ह्या बाळाच्या अंगड्याला मागे झडप असते. आत सगळं शाबूत, झडप उघडली की काम झालं. एवढी मोठमोठी यंत्रं उघडतात, पण हे सुचत नाही कुणाला.”

मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते.

डांगरी मी सीट विभागात नेली. तिथली मोठी ताई म्हणजे शिवणयंत्रावरचा शेवटचा शब्द. तिने डांगरी उलटीपालटी केली, ह्यांनी कापलेल्या पायांकडे पाहून दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, ठेव, संध्याकाळी घेऊन जा. त्या दोघी अर्ज केलेल्या पोरीही कामाला लागल्या. आमच्या विभागात कुठलीही वस्तू अर्धवट करायची पद्धत नाही. एका सीटवर दिवसभरात कितीजण आदळतात, त्याला टिकेल असंच शिवायचं. त्यांनी डांगरी पूर्ण उसवली, माझ्या मापाने कापली, आखूड पायाला जोड दिला, सीटचा जाडजूड दोरा घालून दुहेरी टीप मारली, बाह्या मनगटाशी घट्ट केल्या, मागे ऐसपैस झडप केली आणि तिला टिचबटणांची रांग लावली. मी घालून पाहिली. आरशात पहिल्यांदा मला हेड मेकॅनिक दिसली. डोळ्यांत पाणी आलं, आणि आता ते यायला हरकतही नव्हती.

पण सवय ही मोठी वाईट. तयार सीटवर शिक्का मारल्याशिवाय ती विभागाबाहेर सोडायची नाही, हे त्या पोरींच्या हाताला इतकं बसलेलं की कुणाच्याही नकळत तो उमटला. सकाळी मी ताठ मानेने ब्रेक विभागात शिरले, गाडीखाली वाकले आणि मागून उस्तादचा आवाज आला. तो संथपणे वाचत होता, “सीट विभाग. तपासले. पास.” मग थोडं थांबून म्हणाला, “मग चाचणी कशाला पाहिजे?”

मी टर्पेंटाइनने तो शिक्का घासला. अक्षरं गेली, डाग पसरला. आता लांबून असं दिसे की मी कशात तरी बसले होते.

दुसरी गोष्ट झडपेची. सरळ उभं असेपर्यंत ती आज्ञाधारक होती. मी गुडघे दुमडून बसले की टक्, टक्, टक् करत एकेक बटण सुटायचं. भर कामात, एरवी जिथे हवेची बारीक गळती कानाने शोधायची असते अशा शांततेत, तो आवाज सगळ्यांना ऐकू जाई आणि सगळे छताकडे बघत. मोठ्या ताईला हे सांगितलं तेव्हा तिचा स्वाभिमान दुखावला. आमचं काम सुटतं म्हणजे काय, असं म्हणत तिने झडपेला ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा लावला, बकलासकट. आता ती सुटेना. सुटेना म्हणजे कुणालाच सुटेना. त्या दुपारी मी संडासात बकलाशी झटत होते आणि बाहेरून पावशेर ओरडून सांगत होता की सुरक्षा अधिकारी आज सहजच फेरी मारायला आल्यात आणि हेड मेकॅनिक कुठे आहे असं विचारतायत. शेवटी त्या दोघींपैकी धाकटी पोर पक्कड घेऊन आत आली. तिने मला सोडवलं, पण बकलाचा चेंदामेंदा झाला. मी धावत ब्रेक विभागात पोचले तेव्हा झडप एका बाजूने लोंबत होती.

सुरक्षा अधिकारी म्हणजे मॅडम. आमच्या खात्यात अधिकारी झालेली पहिली बाई. त्यांची नेमणूक झाली तेव्हा सीट विभागात आम्ही चहा वाटला होता. पुढे कळलं की आमचा चहा वाया गेला. पुरुषाची चूक दिसली तर मॅडम एकदा बोलत, बाईची दिसली तर दोनदा. कुणी म्हणायला नको, बायका बायकांना सांभाळून घेतात. कडक इस्त्रीचे कपडे, हात पाठीमागे बांधलेले. तपासणी करत त्या खड्ड्याच्या काठावरून. खाली कधी उतरत नसत. आम्हाला वाटायचं, तोरा.

मॅडमनी माझ्याभोवती एक पूर्ण फेरी मारली. मागच्या बाजूला जरा जास्त वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, गणवेशात फेरफार हा गुन्हा आहे. चाचणीच्या दिवशी भांडारातून मिळालेली, मूळ स्वरूपातली डांगरी अंगावर दिसली पाहिजे. नाहीतर तपासणी होणार नाही, आणि तपासणी न झालेली चाचणी नापास धरली जाते.

मी धावले भांडारात. काकांनी हात जोडले. नवी डांगरी द्यायची तर जुनी जमा करून घ्यायची, असा नियम. आणि जुनी जमा करायची तर मूळ स्वरूपातली हवी. फेरफार केलेली घेतली तर त्यांच्यावर येणार. मी त्यांना म्हटलं, काका, मग मी करू काय? काकांनी खरोखर विचार केला, चष्मा काढून केला, आणि अत्यंत प्रेमाने सांगितलं, “ताई, फाटली असती तर देता आली असती.” आता फाडायची कशी? तिला सीटचा दोरा होता. मी, ह्यांनी आणि मास्तरांनी मिळून ओढली तरी ती हूं की चूं करीना. सासूबाई भिंतीला म्हणाल्या की काम चोख असलं की असं होतं.

चाचणीची सकाळ आली. ह्यांनी डांगरीला इस्त्री केली होती, झडपेसकट. बकल काढून तिथे साधी मोठी बटणं त्यांनीच लावली होती, वाकडीतिकडी. दारात म्हणाले, “नाही म्हणाले तर परत ये. घर तर आपलं आहे.” मला बरं वाटण्यासाठी म्हणाले, पण मला ते नेमकं परत येणंच दिसू लागलं. त्या पोरींचे अर्ज दिसू लागले, आणि काचेचा गोळा.

गाडी खड्ड्यावर उभी होती. साहेब होते, उस्ताद होता, पावशेर ड्रायव्हरच्या जागेवर. सीट विभागाच्या दारात बायका येऊन उभ्या होत्या, हातात कामं धरून, काम करतोय असं दाखवत. मॅडम आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “मी सांगितलं होतं.”

मी सगळं सांगितलं. एकच माप, जमा आणि मूळ स्वरूप, लोंबत्या बाह्या. इंजिनाच्या फिरत्या पट्ट्याजवळ लोंबती बाही घेऊन जायचं मला भय वाटतं, तेही सांगून टाकलं. हे इतके दिवस मी कुणाजवळ बोलले नव्हते. साहेब उस्तादकडे बघत होते आणि उस्ताद जमिनीकडे.

मॅडम म्हणाल्या, “अडचणी मलाही होत्या. मी कधी तक्रार केली नाही. म्हणून इथवर आले.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. माझ्या सगळ्या हितचिंतकांनी तेच सांगितलं असतं. पण इतके दिवस गिळलेले मूग एकदम वर आले.

“हो मॅडम,” मी म्हटलं, “पण तुम्ही खड्ड्यातही कधी उतरला नाहीत.”

सीट विभागाच्या दारातली सगळी कामं थांबली. मॅडमचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.  मला वाटलं, झालं, संपलं. बोलता बोलता त्या दोन पोरींनाही मी घेऊन बुडाले.

“भांडारातून डांगरी आणा,” मॅडम म्हणाल्या. “मी उतरते. तुमचं काम मी स्वतः बघते, मग बोलू.”

काका धावत घेऊन आले. मोठं माप. मॅडमनी ती आपल्या कपड्यांवर चढवली. मी इतके दिवस जे आरशात पाहत होते ते समोर उभं राहिलं. त्यांनी बाह्या दुमडल्या, त्या घसरल्या, पुन्हा दुमडल्या. दारातल्या बायकांत कुणी हसलं नाही. मी पुढे होऊन म्हटलं, मॅडम, जरा थांबा, बाह्या बांधून देते. त्या म्हणाल्या, गरज नाही.

आम्ही पायऱ्यांनी खाली उतरलो, मी पुढे, त्या मागे, डांगरीचे पाय दोन्ही हातांनी उचलून. ब्रेकच्या टाकीत हवा भरायची तर इंजिन चालू ठेवावं लागतं. वर पावशेरने ते सुरू केलं. खड्ड्यात आवाज एवढा घुमतो की स्वतःचा विचारही ऐकू येत नाही. पुढच्या बाजूला पंख्याचा पट्टा फिरत होता. मी नळ्या दाखवत होते, मॅडम मान डोलावत होत्या. मग त्यांना एक नवी नळी दिसली. ही कधी बदलली, असं विचारायला त्यांनी हात वर केला आणि दुमडलेली बाही सुटली.

ती मी सुटताना पाहिली. निळं कापड पट्ट्याकडे असं गेलं, जणू त्याला कुणी बोलावलं होतं. मी मॅडमच्या कमरेला मिठी मारली आणि मागे ओढत “बंद” एवढंच ओरडले. बाही ताणली गेली, मॅडम चवड्यांवर उचलल्या गेल्या, आणि मग खांद्याजवळची शिवण टराटरा उसवली. आम्ही दोघी भिंतीवर आदळलो. बाही पट्ट्याबरोबर एक वळसा घेऊन आत दिसेनाशी झाली. पावशेरने इंजिन बंद केलं आणि मी आधी मॅडमचा हात पाहिला.

हात जागेवर होता. दंडावर लाल वळ, बाकी काही नाही. भांडाराच्या कच्च्या दोऱ्याला आणि एकेरी टिपेला मी आयुष्यात पहिल्यांदा दुवा दिला. तीच बाही मोठ्या ताईने शिवलेली असती तर उसवली नसती. एवढी लोंबती तिने शिवलीच नसती हे खरं, पण खड्ड्याच्या भिंतीला टेकून बसलेल्या माणसाला असे विचार क्रमाने सुचत नाहीत.

मॅडमना मी आवार ओलांडून बायकांच्या संडासापाशी नेलं, कारण तोंड धुवायला आम्हाला तीच एक जागा. त्या नळापाशी ओट्यावर बसल्या. गळ्याजवळची दोन बटणं त्यांना निघेनात. मी काढून दिली. त्यांनी तोंडावर पाणी मारलं.

“मी उतरले होते एकदा,” त्या म्हणाल्या. “नवी असताना. अशाच डांगरीत पाय अडकून पायऱ्यांवरून पडले. वर सगळे होते. हसले. हात द्यायला आले आणि हसत हसतच आले.” मग म्हणाल्या, “नंतर मी काठावरूनच बघायला लागले. लोकांना ते रुबाबाचं वाटलं. मी म्हटलं, वाटू दे.”

 मी त्यांना माझी झडप दाखवली. का दाखवली, मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी बटणं उघडून, लावून पाहिली आणि ही कुणी लावली, एवढी वाकडी, असं विचारलं. आमच्या ह्यांनी, असं मी सांगितलं. त्या किंचित हसल्या आणि मग रडल्या, थोड्याच.

आम्ही परत आलो तोवर साहेबांनी सगळं आवरून ठेवलं होतं. पट्ट्यातून बाहीच्या चिंध्या काढून झाल्या होत्या. साहेब मॅडमना बाजूला घेऊन, पण सगळ्यांना ऐकू येईल अशा हळू आवाजात, समजावू लागले. अपघात लिहिला तर मॅडमचंच नाव येणार. सुरक्षा अधिकारीच पट्ट्यात सापडली, असं वर गेलं तर काय शोभा राहील? त्यापेक्षा काही घडलंच नाही असं धरू. चाचणी गणवेशाच्या कारणावरून पुढे ढकलली असं लिहू. तोपर्यंत उस्ताद विभाग सांभाळतील. कुणाचंच नुकसान नाही.

कुणाचंच नाही म्हणजे माझं आणि त्या पोरींचं. पुढे ढकललेल्या गोष्टी आमच्या खात्यात कुठे जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी मॅडमकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ते मागितल्यासारखं झालं असतं. त्यांनी होकार दिला असता तरी मी त्यांना दोष दिला नसता. निदान आज मी तसं म्हणते.

मॅडम तशाच उभ्या होत्या, एका बाहीच्या डांगरीत, उघड्या दंडावर वळ. त्यांनी साहेबांच्या कारकुनाला बोलावलं.

“लिहा,” म्हणाल्या. “अपघात. कुणाला, तर मला. कारण, अंगाहून मोठा गणवेश. चूक कुणाची, तर सूचना दिली असताना ती न ऐकणाऱ्या अधिकाऱ्याची.” कारकून थांबला. “लिहा. अधिकाऱ्याची. आणि ह्यांच्या अंगावर जी डांगरी आहे ती मी तपासली. बाही मनगटाशी बंद, पाय मापात. ती चालेल. ज्यांना हवी त्यांना तशी द्यावी.”

“ज्यांना हवी म्हणजे बायकांना ना?” साहेबांनी विचारलं.

“ज्यांना हवी,” मॅडम म्हणाल्या, आणि वरून, ड्रायव्हरच्या जागेवरून, पावशेरने हात वर केला.

साहेब म्हणाले, ठीक आहे, ठीक आहे, पण आज हे इथेच थांबवू. मॅडम म्हणाल्या की का थांबवू, गाडीचा ब्रेक लागतो की नाही हे अजून पाहिलंच कुठे? आणि त्या खड्ड्याकडे निघाल्या. डांगरीचे पाय उचलून त्यांनी पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलंसुद्धा.

 ज्या बाईने आत्ता माझी बाजू घेतली, हो की नाही जिच्या हातात, तिला अडवायचं? इंजिन पुन्हा सुरू होणार होतं. दुसरी बाही तशीच लोंबत होती.

“मॅडम,” मी म्हटलं, “ह्या कपड्यात मी तुम्हाला खाली येऊ देणार नाही.”

साहेब म्हणाले, “अहो बाई, त्या अधिकारी आहेत.”

मॅडम पायरीवर थांबल्या.  मला वाटलं, आता सगळं उलटणार. मग त्यांनी उस्तादला विचारलं, “ह्या खड्ड्यावर कुणाचं चालतं?”

उस्ताद हात पुसत होता. त्याने ते आणखी थोडे पुसले.

“ह्यांचं,” तो म्हणाला आणि खड्ड्यात न्यायचा दिवा माझ्या हातात दिला.

मॅडम वर आल्या आणि काठालगत आखलेल्या पिवळ्या पट्टीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. तिथे काठावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला मी एक पाऊल मागे व्हायला सांगितलं. उस्ताद झाला, कारकून झाला, दारातल्या बायकाही झाल्या, ज्या मुळात पुढे आल्याच नव्हत्या. साहेबांकडे मी नुसतं पाहिलं. ते दोन पावलं मागे गेले.

मी खाली उतरले आणि पावशेरला इंजिन सुरू करायला सांगितलं.